बोलले नाही, वाक्य केलं

"गलांडेकाका, तुम्ही दुकानदार. विरकरताई, तुम्ही गिऱ्हाईक. तुम्हाला साखर हवी आहे. चला, इंग्लिशमध्ये."

इतकं सोपं काम मी दिलं होतं. पण गलांडेकाका फळ्याच्या वरच्या चौकटीकडे बघत राहिले, आणि विरकरताईंनी पदर ओढून घेऊन खिडकीकडे तोंड केलं. बाकीचा वर्ग एकाएकी अभ्यासू झाला. सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या.

"मॅडम," काका घसा साफ करून म्हणाले, "मला दुसरं गिऱ्हाईक द्या."

"मलाबी दुसरं दुकान द्या," ताई खिडकीला म्हणाल्या. "त्या दुकानात मी जात न्हाई."

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. नुकतंच बी.एड. झालं होतं आणि जोडीजोडीनं संवाद घेतले की भाषा येते, यावर माझा भाबडा विश्वास होता. "अहो, खोटंखोटंच दुकान आहे," मी म्हणाले. "घ्या की किलोभर साखर." आमचा वर्ग गादी कारखान्याच्या माडीवर भरायचा. खाली कापूस पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं आणि कापसाची म्हातारी उडत जिन्यानं वर येऊन फळ्यावर बसत होती. शेवटी खताच्या दुकानात काम करणारा पतंगे उठला. त्यानं काकांकडून साखर घेतली, मग वळून ताईंना साखर विकली, आणि जागेवर जाऊन बसला. वर्गानं सुटकेचा श्वास टाकला.

सगळे गेल्यावर पतंगे जिन्यात रेंगाळला.

"मॅडम, तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगतो. ती नवरा-बायको आहेत."

"कोण?"

"दुकानदार आणि गिऱ्हाईक."

"पण त्यांचं आडनाव तर विरकर लिहिलंय."

"माहेरचं लावलंय. नऊ वर्षं झाली, एका घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. उद्यापासून त्यांना एका बाकाच्या आसपाससुद्धा आणू नका. चुकून बोलणं झालं तर गावात काय होईल, सांगता येत नाही."

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण दोघंही अजून तिथेच आहेत आणि दोघांनाही वाचायची आवड आहे. माण भागातलं, पावसानं कायमची पाठ फिरवलेलं तालुक्याचं गाव. कोल्हापुरात मला नोकरी मिळेना, म्हणून मावशीच्या ओळखीनं मी तिथं जाऊन इंग्लिश बोलण्याचा वर्ग काढला होता. डी.एड.च्या दोन मुली, पतंगे, बोटीवर नोकरी धरायला निघालेला एक पैलवान, आणि ही दोघं.

सोपान गलांडे एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. नुकतेच निवृत्त झाले होते. सगळ्या तालुक्याला त्यांचा आवाज पाठ होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, हे त्यांनी जन्मभर माइकवरून सांगितलं. लहान पोरं खेळतानासुद्धा त्यांच्याच आवाजात गाड्या सोडायची. कलावतीताई अंगणवाडी चालवायच्या. त्यांचाही आवाज काही कमी नव्हता. घरात मात्र ती दोघं बोलायची शेळीमार्फत. मुलगा सुजय घरी होता तोवर निरोप त्याच्याकडून जायचे. तो शिकायला न्यूझीलंडला गेला तसा तो कारभार चंद्री नावाच्या शेळीकडे आला. "चंद्रे, ताट वाढलंय म्हणावं," असं ताई अंगणातून म्हणायच्या. काका माजघरातून माइकवरच्या सुरात जाहीर करायचे, "दूध उतू जात आहे." कोणाला, ते सांगायचे नाहीत. मला हे सगळं डी.एड.च्या मुलींनी सांगितलं. त्या शेजारीच राहायच्या.

सुजयनं तिकडचीच मुलगी केली होती, हेलन. जानेवारीत तो तिला घेऊन पहिल्यांदा घरी येणार होता. सुनेशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून काकांनी माझ्या वर्गात नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ताईंनीही घातलं. आपल्याला सोडून त्यांनी एकट्यानं सुनेशी बोललेलं त्यांना चालणार नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला आम्ही 'ऑल्दो'पर्यंत आलो.

"ऑल दो?" काकांनी विचारलं. "म्हणजे सगळं द्या?"

"तसं नाही. आपलं 'जरी'. हे बघा." मी फळ्यावर लिहिलं, 'ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.' तो गरीब असला तरी प्रामाणिक आहे. हे वाक्य मला माझ्या बाईंनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. कोणीच कधी शंका काढली नव्हती. पतंगेनं काढली.

"मॅडम, ह्यात 'तरी' कशापायी? गरीब माणूस प्रामाणिक असला तर त्यात नवल काय? आमच्या दुकानात वजनकाट्याला बोट कोण लावतं, गरीब का मालक?"

वर्गाला हे पटलं. मी 'पुअर' पुसून 'रिच' लिहिलं. 'तो श्रीमंत असला तरी प्रामाणिक आहे.' ते वाक्य मात्र वर्गाला खोटं वाटलं.

"माणसं सोडा," मी म्हणाले. "आभाळ भरून आलं, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटतं? आता पाऊस येणार. आधी अशी एक अपेक्षा उभी करायची आणि मग ती पाडायची. 'ऑल्दो' हा शब्द आला की ऐकणारा सावध होतो, की आभाळ आलंय खरं, पण पाऊस काही येत नाही."

"हे आपल्या भागातलं वाक्य झालं," पैलवान समाधानानं म्हणाला आणि त्यानं ते उतरून घेतलं.

"आता एक नियम. मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतो. इंग्रजीत तसं नाही. 'ऑल्दो' असेल तर 'बट' नको, 'बट' असेल तर 'ऑल्दो' नको. एका वाक्यात दोघं नांदत नाहीत."

बोलून गेले आणि जीभ चावली. डी.एड.च्या मुली बाकाखाली काहीतरी शोधायला लागल्या. काका शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. नांदत नाहीत." आणि त्यांनी तो नियम वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

नियम लिहिला, पण पाळला कधीच नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं एक वाक्य करून आणायचं होतं. काका उभे राहिले, हात मागं बांधले आणि फलाटावर गाडी लावावी तसं म्हणाले, "ऑल्दो हाऊस इज बिग, बट नोबडी टॉक्स."

"बट काढा, काका."

"ऑल्दो हाऊस इज बिग, नोबडी टॉक्स." बसले.

घर मोठं आहे, तरी कोणी बोलत नाही. ताईंचा नंबर अजून तीन बाकं लांब होता, पण त्या उठल्याच.

"ऑल्दो वन मॅन टॉक्ड ऑल लाइफ ऑन माइक," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही हॅज नो वर्ड फॉर होम."

एक माणूस जन्मभर माइकवर बोलला, तरी घरासाठी त्याच्याकडे शब्द नाही. मला दुसरं काय सुचणार? वाक्य बिनचूक होतं. "व्हेरी गुड," मी म्हणाले.

बाहेर पडताना पतंगेनं ताईंना गाठलंच. "ताई, आज तुम्ही बोललात की काकांशी."

"बोलले कुठं? वाक्य केलं," ताई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

तिथून पुढं रोज वाक्यं यायला लागली. मी दुसरे धडे घेऊन बघितले. कर्मणी प्रयोग शिकवला, तर ताई म्हणाल्या, "तो नंतर. आधी ऑल्दो पक्कं करू." काका म्हणायचे, "ऑल्दो हर नी इज पेनिंग, बट शी डज नॉट गो टु डॉक्टर." मी 'बट' काढायची, ते तो काढलेला 'बट' वहीच्या कडेला लिहून ठेवायचे, जणू पुढं कधी उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी ताई उत्तर आणायच्या, "ऑल्दो डॉक्टर सेड नो सॉल्ट, सम पीपल ईट पापड बिहाइंड द डोअर." तिचा गुडघा दुखतो, तरी दाखवत नाही. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, तरी दाराआड पापड चालतो. त्या आठवड्यात ताई गुडघा दाखवून आल्या. कोणाच्या सांगण्यावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. पापडाचा डबा फळीवरून खाली आला की अजून वर गेला, ते मला कळलं नाही, पण काका दोन दिवस पडेल चेहऱ्यानं येत होते.

माझा वर्ग भरभराटीला आला. पैलवानाचा भाऊ यायला लागला. गादी कारखान्याचे मालक जाफरभाई संध्याकाळी ठरल्या वेळी पिंजणयंत्र बंद करून जिन्यात बसायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी कोणाचं वाक्य लागलं ते त्यांना बरोबर कळायचं.

आणि मग एके दिवशी ताई वर्गाच्या आधीच आल्या. मी फळा पुसत होते. त्या पहिल्या बाकावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मॅडम, आता शिकून काय उपयोग न्हाई. सुजयचा फोन आला होता."

"येत नाहीत ती दोघं?"

"येतात. पण राहत न्हाईत. साताऱ्याला लॉजवर उतरणार, दुपारचं जेवायला येणार आणि माघारी जाणार. मी म्हटलं, का रं बाबा, घर पडलंय का? तर म्हणाला, आई, तिचे आई-बाप रोज रात्री हातात हात घालून फिरायला जातात. आपल्या घरात माणसं शेळीशी बोलतात, हे मी तिला कसं समजावू?"

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ताई हातातली वही उगाच सारखी करत होत्या.

"काकांना माहीत आहे?" मी विचारलं.

"फोन त्यांनीच घेतला आधी. ऐकला, आणि काय न बोलता माझ्याकडं दिला." वही मिटून त्या म्हणाल्या, "चंद्रीलासुद्धा काय बोलले न्हाईत."

तेवढ्यात एकेक जण यायला लागलं. काकाही आले, आपल्या कोपऱ्यात बसले. त्या दिवशी मला वाक्यं ऐकायची नव्हती. कोणी पुन्हा टोमणा मारला असता तर तो मला सोसला नसता. म्हणून मी ठरवलं, पुस्तकातलीच वाक्यं घ्यायची, भूतकाळाची, म्हणजे भांडण नाही. पुस्तक उघडलं आणि समोर होतं ते फळ्यावर लिहिलं.

'ऑल्दो वी रॅन, वी मिस्ड द बस.' आम्ही पळालो, तरी आमची गाडी चुकली.

खडूनं शेवटचं टिंब दिलं आणि मागं वळले, तर वर्ग चिडीचूप झाला होता. पतंगे माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. पण काय नको ते मला कळायला मार्ग नव्हता.

ताई उभ्या राहिल्या. त्यांना कोणी उठवलं नव्हतं.

"मॅडम, मी एक करते." त्यांनी वहीत बघितलं नाही. हळू बोलल्या, एकेक शब्द तपासून खाली ठेवत. "ऑल्दो माय फादर वॉज डाइंग, द बस डिड नॉट वेट."

माझे वडील मरत होते, तरी गाडी थांबली नाही. एकही चूक नव्हती. नऊ वर्षांचं मौन कशाचं होतं, ते मला तेव्हा कळलं. स्टँडवरून गाड्या काकाच सोडायचे. वर्गात ते न कळलेली मी एकटीच होते.

काका उठले. त्यांनी हात मागं बांधले नाहीत. समोरच्या बाकाची कड धरली.

"ऑल्दो आय होल्ड द बस," ते म्हणाले, "बट शी डिड नॉट कम."

"हेल्ड," माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "आणि बट नको."

"ऑल्दो आय हेल्ड द बस," काकांनी आज्ञाधारकपणे दुरुस्त केलं, "शी डिड नॉट कम."

मी गाडी धरून ठेवली, तरी ती आली नाही.

ताईंनी मान वळवली. मला, खिडकीला, भिंतीला सोडून त्यांनी सरळ नवऱ्याकडे बघितलं.

"व्हॉट हेल्ड?" त्या म्हणाल्या. आणि मग मराठीत, "काय धरलं?"

पतंगेच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

"गाडी," काका फळ्याकडे बघत म्हणाले.

"कुठली गाडी?"

"तुझ्या गावची. सकाळची."

"ती गेली होती. मी आले तेव्हा फलाट रिकामा होता. तुम्ही म्हणालात, गाडी सुटली."

"सुटलीच होती."

"मग धरली कधी?"

"आधी." काकांना हे समजावून सांगायला लागतंय याचंच नवल वाटत होतं. "सुटली म्हणजे आधी धरलेली असणारच की. तुझ्या भावाचा फोन स्टँडवर आला. मी दगडू हमालाला लगोलग घरी पिटाळला. म्हटलं, सांग, पायात चपला घाल आणि ये, मी गाडी धरतो. आणि धरली. वऱ्हाड होतं गाडीत. नवरदेव, करवल्या, बँडवाले, सगळे. मुहूर्त टळायला लागला तसे ते खाली उतरले. नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर आला. मी म्हटलं, माणूस यायचंय. तो म्हणाला, कोण माणूस? मी म्हटलं, आहे एक."

"माझं नाव का न्हाई घेतलं?"

"बायकोसाठी गाडी धरली म्हणू?"

डी.एड.ची एक मुलगी खुदकन हसली आणि दुसरीनं तिला चिमटा काढला. ताईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"दगडू म्हणाला," त्या म्हणाल्या, "की साहेबांनी सांगितलंय, तयार राहा, गाडीचं बघतो. मी बोचकं बांधलं आणि उंबऱ्यात बसले. मला वाटलं तुम्ही न्यायला येणार. बाप शेवटचा आहे म्हटल्यावर बायकोला एकटी कशी सोडतील? बसले आपली. हॉर्न ऐकला तेव्हा उठून धावले."

"मी फलाटावर उभा होतो. मला वाटलं, बाप शेवटचा आहे म्हटल्यावर धावत येईल."

"मी घरी वाट बघत होते."

"मी स्टँडवर वाट बघत होतो."

एवढं बोलून दोघंही थांबली. घर आणि स्टँड यांच्यात आठवडी बाजाराचं मैदान, एवढंच अंतर होतं. जिन्यात जाफरभाई उभे राहिले होते.

"दगडूला विचारलं असतं," पैलवान हळूच म्हणाला.

"तो गेला की त्याच वर्षी," पतंगे म्हणाला.

ताईंनी अजून बसायचं मनावर घेतलं नव्हतं. "दुपारच्या गाडीनं गेले, तोवर सगळं संपलं होतं. दिवस करून परत आले आणि तुम्हाला म्हटलं, तुम्ही गाडी सोडलीत. तुम्ही म्हणालात, सोडली. त्या वेळेला का न्हाई सांगितलं, धरली होती म्हणून?"

काका फळ्यावरची नजर काढून ताईंकडे वळले. "काय सांगायचं? मी गाडी धरली, तूच उशिरा आलीस, असं? बाप मेलेल्या बाईला?"

ताई बघत राहिल्या. मग त्यांना एकदम काही आठवलं असावं. त्यांनी आपल्याच छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला. "तुमच्या खाकी शर्टाचा खिसा. मी माहेराहून आले तेव्हा फाटून लोंबत होता."

"नवरदेवाचा मामा."

"मी तो शिवला. दुहेरी टाके घालून शिवला. आणि विचारलं न्हाई, कशानं फाटला म्हणून."

"चांगला शिवला होतास," काका म्हणाले. "निवृत्त होईस्तोवर टिकला."

त्यावर ताई खाली बसल्या. रडल्या नाहीत. बाकावर बोट फिरवत राहिल्या, साचलेला कापूस बोटाला लागत होता. मला वाटलं आता वर्ग सोडावा. पण शिक्षिकेनं वर्ग सोडायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला जमत नव्हतं.

"मॅडम," ताईंनीच हाक मारली. "एक विचारू? ते ऑल्दो ह्या अर्ध्याला लावायचं का त्या अर्ध्याला, हे कोण ठरवतं?"

"बोलणारा," मी म्हणाले.

"दोन्ही खरं असलं तर?"

"दोन्ही खरंच असतं, ताई. ज्याला ऑल्दो लागतं ते जरा मागं पडतं. दुसरं पुढं येतं. आपल्याला काय पुढं ठेवायचंय, त्यावर आहे."

त्यांनी ओठ हलवून मनातल्या मनात वाक्य लावलं, मोडलं, पुन्हा लावलं. मग उठल्या आणि बाकाची कड धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ऑल्दो द बस वेन्ट, ही हेल्ड इट."

गाडी गेली, तरी त्यानं ती धरली होती.

काकांनी माझ्याकडे वळून अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "करेक्ट आहे?"

"करेक्ट आहे," मी म्हणाले. माझा आवाज घोगरा झाला होता आणि त्याचं खापर मी कापसावर फोडलं.

त्या दिवशी दोघं वेगवेगळी उतरली, पण बाजाराच्या मैदानापर्यंत एकाच बाजूनं गेली, असं पतंगेनं खिडकीतून बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही वर्गाला आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वर्ग सुतक असल्यासारखा बसला होता. कोणी 'ऑल्दो'चं नाव काढेना. पैलवानाच्या भावानं यायचंच सोडलं. मला भीती वाटायला लागली. नऊ वर्षं बंद ठेवलेलं मी उघडलं होतं, आणि आत काय निघालं असेल कोण जाणे. रविवारी सकाळी मी गलांड्यांचं घर विचारत गेले. विचारायची गरज नव्हती. आवाज कोपऱ्यापासूनच येत होते.

अंगणात काका पाटावर बसले होते, ताई चुलीपाशी उभ्या होत्या, आणि दोघंही एकाच वेळी बोलत होती. कुंपणापलीकडे डी.एड.च्या मुली आणि त्यांची आई वाळवण राखण्याच्या निमित्तानं उभ्या होत्या.

"सुजयच्या दहावीच्या निकालाला तुम्ही पेढे आणलेत, ते मला न विचारता आणलेत."

"विचारू कसं? तू बोलत नव्हतीस."

"तुम्ही विचारलं असतं तर बोलले असते."

"मग आता विचारतो. पेढे आणू का?"

"आता कशाला? त्याची दहावी होऊन किती वर्षं झाली." ताईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. चेहरा तापलेला, केस सुटलेले, आणि दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. "या मॅडम, बसा. चहा ठेवते. अहो, आमचं क्लासला यायचं राहिलंच. वेळच मिळंना झालाय. लई बोलायचं तुंबलंय."

मी बसले. चहा आला नाही, कारण चुलीकडे वळता वळता ताईंना काकांच्या बहिणीच्या वास्तुशांतीत आपल्याला मागच्या पंगतीला बसवल्याचं आठवलं. अर्ध्या तासानं मी उठले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

इंग्रजी त्यांचं तिथंच राहिलं. पण सुजयला फोन गेला. तो कोणी केला, यावरही दोघांचं भांडण झालं असं म्हणतात. त्यानं फोनवर दोन्ही आवाज एकदम ऐकले आणि साताऱ्याचं लॉज रद्द केलं. जानेवारीत दोघं आली आणि आठवडाभर घरीच राहिली.

एका दुपारी मलाही जेवायला बोलावणं आलं. हेलन उंच, सावरून बसणारी, उन्हानं नाक लाल झालेली मुलगी होती. ती काका आणि ताईंच्या मधल्या पाटावर बसली होती. तिच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंनी शब्द ये-जा करत होते आणि ती टेनिसचा सामना बघावा तशी मान फिरवत होती. सुजय मुंडी खाली घालून मुकाट्यानं जेवत होता, पण कानापर्यंत हसत होता. ताईंनी मधूनच हेलनच्या ताटात पोळी टाकली, "ईट, ईट" म्हणाल्या, आणि परत नवऱ्याकडे वळल्या.

"काय चाललंय?" हेलननं मला इंग्रजीत हळूच विचारलं. "काही वाईट झालंय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग कशाबद्दल बोलतायत एवढं?"

मी घास हातात धरून थोडा वेळ ऐकलं. ताई म्हणत होत्या, मी तापानं फणफणले होते तेव्हा तुम्ही डॉक्टर आणलात, पण स्वतः दाराबाहेर उभे राहिलात. काका म्हणत होते, आत यायला शेळीनं सांगितलं नाही.

"नऊ वर्षांचं बोलायचं राहिलंय," मी तिला सांगितलं. "आत्ता ते तिसऱ्या वर्षात आहेत."